इंजिनाला पाणी

आई आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा त्यांच्यासोबत दोन पिशव्या होत्या. एकीत कपडे होते आणि दुसरीत कुकर. आमच्या घरात कुकर होताच, पण बेंगळुराच्या एका टोकाला असलेल्या येलहंक्याहून दुसऱ्या टोकाला आमच्या व्हाइटफील्डपर्यंत दोन तास टॅक्सीत बसून त्यांनी स्वतःचा कुकर मांडीवर धरून आणला होता. त्याची शिट्टी ओळखीची आहे, एवढंच कारण त्यांनी सांगितलं आणि त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. मी आतल्या खोलीत डाव्या कुशीवर पडून भांड्यांचे आवाज ऐकत राहिले.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. माझ्या जन्मदात्या आईला आम्ही भावंडं अम्मा म्हणतो, त्यामुळे लग्नानंतर हा शब्द मोकळाच होता. त्या वेळी मला एकोणिसावा आठवडा चालू होता. दोन वर्षांपूर्वी, पाचव्याच महिन्यात, आमचं पहिलं बाळ गेलं होतं. या खेपेला डॉक्टरांनी वेळेवर गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला आणि बजावलं की आता पडून राहायचं, उठायचं ते फक्त बाथरूमपुरतं. नवऱ्याची नोकरी होसकोट्याच्या एका कारखान्यात; सकाळी सातला निघाला की संध्याकाळीच परत. अम्माच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. आईंना कुणी बोलावलं नव्हतं. टाका घातल्याचं कळलं आणि दुसऱ्या दिवशी त्या दारात उभ्या होत्या.

खरं सांगायचं तर मला त्यांची भीती वाटायची. आमचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्यांपासून आहे की मोजणं आम्ही सोडून दिलंय. पूर्वज फौजेबरोबर आले आणि इथेच राहिले, असं आजोबा सांगत. घरात आम्ही मराठी बोलतो, पण तिच्यात बरीच कानडी मिसळलेली. मोठी बहीण ती अक्का, भाऊ तो अण्णा, 'जरा'च्या जागी 'स्वल्प' आणि 'बरं'च्या जागी 'सरी'. आई मूळच्या साताऱ्याच्या. इंजिनिअरिंगच्या अख्ख्या वर्गात दोन मुली असायच्या त्या काळात शिकलेल्या. पुढे बेंगळुरातल्या एका सरकारी कारखान्यात नोकरी लागली आणि तिथल्या चाचणी विभागात त्यांनी तीस वर्षं इंजिनं तपासली. माझं वाक्य चुकलं की त्या ते दुरुस्त करून एकदा म्हणत आणि मग पुढचं बोलत. त्यात राग नसायचा, टोमणा तर नाहीच. पण मी हळूहळू त्यांच्यापुढे कमी बोलायला लागले.

त्याशिवाय आमच्या मध्ये एक वाक्य होतं. पहिलं बाळ गेल्यावर त्या मला भेटायला आल्या होत्या. शेजारी बसल्या, पाठीवर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पुढच्या वेळी नीट लक्ष द्यायला हवं." तेवढं बोलून त्यांनी मला सफरचंद कापून दिलं. त्यांनी ते मायेनेच म्हटलं असणार, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी दोन वर्षं ते वाक्य माझ्यासोबत राहिलं. बसमध्ये, मीटिंगमध्ये, भाजी घेताना ते मधूनच आठवायचं, आणि दर वेळी मी तो पाचवा महिना पहिल्यापासून तपासायला घ्यायची.

त्या दोन वर्षांत मला एका खेळाने सांभाळलं. ठोकळ्यांचा खेळ आहे तो. माती, दगड, लाकूड, पाणी, सगळं चौकोनी ठोकळ्यांचं. मोकळं जग असतं, त्यात खणायचं आणि बांधायचं, जिंकणं-हरणं असं काही नाही. हौशी लोकांनी त्या खेळाला स्वतः तयार केलेले जास्तीचे भाग जोडलेत, त्यांना मॉड म्हणतात. मी लावलेल्या मॉडमध्ये इंजिनं होती, पाइप होते आणि त्या पाइपांतून शक्ती मिळाली की चालणारी यंत्रं होती. त्यातलं सगळ्यात मोठं यंत्र खाणीचं. चौकोन आखून द्यायचा, शक्ती पुरवायची, की ते एकेक ठोकळा उचलत जमिनीच्या पार तळापर्यंत जातं आणि निघालेलं सगळं पेटीत आणून टाकतं. मी कॉलेजात असल्यापासून खेळत होते, पण हे जग मी बाळ गेल्यानंतर सुरू केलं होतं. एका टेकडीवर छोटं घर, मागे पेट्यांची खोली आणि खाली उतारावर खाण.

आता दिवसभर पडून राहायचं म्हटल्यावर मी पलंगावरच्या घडीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून पुन्हा ते जग उघडलं. आईंनी पहिल्या दिवशी बघितलं आणि विचारलं, हे कामाचं आहे का. मी नाही म्हणाले. पुढचे दोन दिवस त्या खोलीत आल्या की पडद्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या उपीट घेऊन आल्या. आम्ही त्याला उप्पिट्टू म्हणतो. आमच्या दोन्ही घरांत जवळजवळ सारखा असलेला तो एक शब्द. मी तेव्हा दोन नवी इंजिनं खाणीच्या यंत्राला जोडली होती. आधीची कोळशावर चालणारी इंजिनं फार मंद होती. ही तेलावर चालणारी, जोरदार. दट्ट्या भराभर वरखाली होत होता आणि इंजिनाचा रंग बदलत होता. हे मॉड बनवणाऱ्यांनी तसंच ठेवलंय: गार असताना निळं, मग हिरवं, मग केशरी आणि शेवटी लाल. आई बशी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"पाणी कुठाय?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं माझ्याबद्दल बोलतायत. मी उशाशी ठेवलेली बाटली दाखवली आणि भरलेली आहे म्हणाले.

"तुझं नाही. त्या इंजिनाचं."

मी वळून पडद्याकडे बघेपर्यंत इंजिन फुटलं. त्याच्यासोबत दुसरंही गेलं आणि जमिनीला मोठा खड्डा पडला. आईंनी बशी टेबलावर ठेवली, जेवणाच्या टेबलाजवळची खुर्ची आत ओढून आणली आणि चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. तेल कुठून येतं? त्याची टाकी किती? ही शक्ती जाते कुठल्या वाटेने? रंग बदलतो तो तापमानावर की भारावर? मी त्या खेळात कित्येक वर्षं घालवली होती, पण यातल्या निम्म्या प्रश्नांचा मी कधी विचारच केला नव्हता. चालत नसलं की मी आणखी एक इंजिन जोडायची, एवढंच माझं शास्त्र. उपीट गार झालं. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्या उठून ते पुन्हा गरम करून घेऊन आल्या आणि मी खाल्ल्यावरच त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

त्या दिवसापासून दुपारचे दोन तास ठरले. सकाळी स्वयंपाक, माझं अंग पुसणं, औषधं, रक्तदाब. जेवण झालं की खुर्ची आत. येलहंक्याहून येताना त्यांनी एक जुनी वही आणली होती, बहुतेक हिशोबासाठी. तिच्यात आता आकृत्या निघायला लागल्या. इंटरनेटवर या मॉडची सगळी माहिती मिळते, कुठलं इंजिन किती शक्ती देतं त्याचे तक्तेसुद्धा आहेत, हे मी सांगून पाहिलं. त्यांनी ते उघडू दिलं नाही. आधी आपण तपासू, मग ताडून बघू, असं त्यांचं म्हणणं. मनगटावरचं घड्याळ काढून त्या पलंगाच्या कडेला ठेवायच्या आणि खाणीचं यंत्र एक ठोकळा उचलायला किती वेळ घेतं ते मोजायच्या. एका इंजिनावर, दोन इंजिनांवर, तीन इंजिनांवर. वहीत आकडे, खाली रेघ.

काही गोष्टींनी त्या नाराज व्हायच्या. इथल्या पाइपांना व्यास नव्हता. कितीही पाणी सोडा, लांबीने दाब कमी होत नाही. आणि चार ठोकळ्यांच्या खड्ड्यात पाणी भरलं की ते कधी संपतच नाही, हे तर त्यांना अजिबात मान्य नव्हतं. "हे ज्याने केलं त्याने कधी पंप बसवलेला नाही," त्या म्हणाल्या. पण इंजिनातून शक्ती काढून घ्यायला पहिला पाइप लाकडाचाच लागतो, पुढचे दगडाचे किंवा सोन्याचे चालतात, हा नियम त्यांनी एका दुपारी स्वतः तपासून शोधला, तेव्हा त्या दिवसभर खुशीत होत्या. नवरा संध्याकाळी आला तर त्याला दार उघडता उघडताच त्यांनी तो सांगितला. बिचाऱ्याला काही कळलं नाही. त्याने बूट काढले आणि बरं म्हणून हात धुवायला गेला.

सव्विसाव्या आठवड्यात मला रक्त गेलं. सकाळची वेळ होती, नवरा वाटेत होता. आईंनी रुग्णवाहिकेला फोन केला, फाइल घेतली, मला हलू दिलं नाही. खालच्या रखवालदाराला त्यांनी कानडीत सांगितलं की लिफ्ट धरून ठेव. इतकी नीट कानडी त्या बोलतात हे मला तोवर माहीत नव्हतं. दोन दिवस हॉस्पिटलात ठेवलं. बाळ ठीक होतं, टाकाही जागेवर होता, पण घरी सोडताना डॉक्टर म्हणाल्या की आता टेकून बसणंसुद्धा नको, पूर्ण आडवं राहायचं.

घरी आल्यावर मी दोन दिवस भिंतीकडे तोंड करून होते. लॅपटॉप बंद करून टेबलासकट कोपऱ्यात ठेवलेला. तिसऱ्या दुपारी आईंनी तो उचलला, टेबल माझ्या कमरेच्या बाजूला, मला मान न उचलता दिसेल असं लावलं आणि स्वतः समोर बसल्या.

"तू सांग," त्या म्हणाल्या. "मी चालवते."

त्यांना चालवता येत नव्हतं. एका हाताने बटणं दाबून चालायचं, दुसऱ्या हाताने माउस फिरवून बघायचं, हे जमेना. पहिला अर्धा तास त्या आकाशाकडे बघत भिंतीवर आपटत होत्या. मग तळ्यात पडल्या. मग खाणीत पडल्या, तेही पार खोलपर्यंत. मी हसले. हसताना पोटावर हात गेला, कारण हसणं चालतं की नाही हे मी डॉक्टरांना विचारलं नव्हतं. आईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या की हसायला हरकत नसावी, संध्याकाळी फोन करून विचारू. त्यांनी खरंच फोन करून विचारलं.

आठवडाभरात त्या चालायला शिकल्या. मी पडल्या पडल्या सांगायची, पुढे, डावीकडे, स्वल्प थांबा, आता खाली बघा. त्या माझं वाक्य दुरुस्त करायच्या बंद झाल्या, कारण तेवढ्यात आणखी कुठेतरी पडायची भीती असायची. एकदा मी काहीतरी सांगितलं आणि त्या पडद्यावरची नजर न हलवता "सरी" म्हणाल्या. आपण काय म्हणालो ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

आमच्या टेकडीपासून दूर वाळवंट होतं. तिथे जमिनीतून तेल वर उसळतं, काळा खांब दिसतो लांबून. तिथवर जायला आम्हाला तीन दुपारी लागल्या. आईंनी तो उघड्यावर वाहणारा काळा झरा पाहिला आणि त्या तिथेच थांबल्या. एवढं तेल वाया जातंय, हे त्यांना सहन होत नव्हतं. मग आम्ही तिथे पंप बसवला. तेल पाइपाने टेकडीपर्यंत आणलं, तिथे शुद्ध करायचं यंत्र लावलं आणि त्यातून निघालेल्या इंधनावर तीन इंजिनं. तिन्ही इंजिनांना पाण्याची वेगळी लाइन, त्या पाण्यासाठी वेगळा छोटा पंप, आणि तो पंप चालवायला सगळ्यात साधं, इंधनच न लागणारं इंजिन. मुख्य इंजिनांवर अवलंबून असलेला पंप त्याच इंजिनांना पाणी पाजायला ठेवायचा नाही, हा आईंचा आग्रह होता. ती बंद पडली तर पाणीही बंद पडेल, एवढं साधं कारण. मला ते कधी सुचलं नसतं.

सगळं जोडून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, चालू करू का. मी हो म्हणाले. त्यांनी कळ ओढली. तिन्ही इंजिनं निळी होती ती हिरवी झाली आणि हिरवीच राहिली. खाणीचं यंत्र इतक्या वेगाने फिरायला लागलं की मी ते तसं कधीच पाहिलं नव्हतं. आईंनी घड्याळ बघून वेळ टिपली आणि वही मिटली. मग म्हणाल्या की चाचणी विभागात त्यांच्या हाताखाली पुरुष होते बरेच, पण कळ ओढण्याआधी त्यांना कुणी कधी चालू करू का असं विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही कुणाला विचारलेलं नव्हतं. नोकरीबद्दल आपणहून काही सांगायची ती त्यांची पहिलीच वेळ.

तिसाव्या आठवड्याच्या सुमाराला एका दुपारी मला झोप लागली. उठले तेव्हा लॅपटॉप बंद होता आणि खुर्ची जागेवर गेलेली होती. आई स्वयंपाकघरात. त्यांनी चहा आणून दिला, तोही न बोलता. संध्याकाळी नवरा आला, जेवणं झाली, तरी त्या गप्पच. मला वाटलं माझ्या रिपोर्टमध्ये काहीतरी निघालं आणि हे दोघं लपवतायत. मी नवऱ्याला विचारलं, त्याला काही माहीत नव्हतं. शेवटी त्याच माझ्या खोलीत आल्या आणि उभ्यानेच म्हणाल्या, "मी तुझं घर उडवलं."

मग त्यांनी सगळं क्रमाने सांगितलं, एखादा अहवाल वाचून दाखवावा तसं. मी झोपले असताना त्यांनी चौथं इंजिन जोडायला घेतलं होतं. चौथ्याला पाणी द्यायचं म्हणून मधला पाइप काढला. इंजिनं बंद करायची राहिली. पाइप बसवायला त्या वळल्या तर हातात चुकीचा पाइप होता, पाण्याचा नसून शक्तीचा. तो बदलायला पेटीपाशी गेल्या आणि मागे स्फोट झाला. चारही इंजिनं, शुद्धीकरणाचं यंत्र, पेट्यांची खोली आणि टेकडीवरचं घर. पेट्यांत दोन वर्षांचं जमवलेलं सगळं होतं.

"तीस वर्षांत माझ्या विभागात असं झालं नाही," त्या म्हणाल्या. "माझं लक्ष राहिलं नाही."

मला वाईट वाटलं, नाही म्हणणार नाही. त्या घरावर माझा जीव होता. पण त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मी घाईने म्हणाले, "आई, इतके पाइप, इतकी इंजिनं. तुम्ही लक्ष देतच होता. तरी असं होतं कधीकधी. पुन्हा बांधू."

त्यांनी माझी चादर सारखी केली. मग दिवा मालवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी नवरा कामावर गेल्यावर त्या दोन कप चहा घेऊन आल्या. एरवी त्या त्यांचा चहा ओट्यापाशी उभ्यानेच पितात. खुर्चीत बसल्या, कप हातात धरला आणि प्यायल्याच नाहीत.

"काल तू जे म्हणालीस," त्यांनी सुरुवात केली, "ते मी तुला म्हणायला हवं होतं. दोन वर्षांपूर्वी. मी उलटं म्हणाले."

मी आठवतं म्हणाले.

"मलाही आठवत होतं. म्हणून तर मी न बोलावता आले." त्यांनी स्वतःचा कप टेबलावर ठेवला. "कारखान्यात आमच्याकडे काही मोडलं की पहिला प्रश्न एकच, कुणाचं लक्ष नव्हतं. मी आयुष्यभर तोच विचारत आले. तुझ्या बाबतीत तो प्रश्न विचारायचा नव्हता. तू काही चुकली नव्हतीस."

मी रडले. आईंनी मला जवळ घेतलं नाही, त्यांचा तो स्वभाव नाही. त्यांनी माझ्या हातातला कप काढून घेतला, म्हणजे तो सांडणार नाही, आणि मी थांबेपर्यंत तो धरून बसल्या. मग मी त्यांना अशी एक गोष्ट सांगितली जी नवऱ्यालाही सांगितली नव्हती. पहिल्या खेपेला, ज्या दिवशी सगळं संपलं त्याच्या आदल्या दिवशी ऑफिसची लिफ्ट बंद होती आणि मी चार मजले चढून गेले होते. मला थांबता आलं असतं. खाली बसून वाट बघता आली असती. दोन वर्षं मला वाटत होतं की ते जिनेच कारण होते.

"डॉक्टरांना विचारलंस?"

नाही, मी म्हणाले. विचारायची हिंमत झाली नव्हती.

"मग गुरुवारी विचारू," आई म्हणाल्या आणि त्यांनी माझा चहा परत दिला.

गुरुवारी तपासणीला गेलो तेव्हा त्यांनी खरंच तो प्रश्न काढला. आधी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, मग त्यांनीच विचारलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. जिने चढल्याने असं होत नाही, त्यांनी सांगितलं. गर्भाशयाचं तोंड मुळातच कमजोर होतं, ते आधी कळायला काही मार्ग नव्हता, आणि म्हणूनच या वेळी टाका घातला. हे त्यांनी दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा अगदी सावकाश. परत येताना टॅक्सी सिग्नलला अडकून पडली होती. मी मागच्या सीटवर आडवी, डोकं आईंच्या मांडीवर. काचेतून मेट्रोचा पूल आणि वरचं आकाश तेवढं दिसत होतं. मी घरी पोचेपर्यंत झोपून गेले.

त्यानंतरचे सहा आठवडे आम्ही पुन्हा बांधत होतो. या वेळी आईंनी आधी कागदावर आराखडा काढला. इंजिनं घरापासून लांब, मध्ये दगडाची जाड भिंत, आणि प्रत्येक इंजिनाला स्वतःची कळ. त्यांनी एक पाटीही लावली, खेळात तशी पाटी लिहिता येते: पाणी तोडण्याआधी इंजिन बंद करा. ती आम्हा दोघींशिवाय कुणी वाचणार नव्हतं, पण त्यांनी ती दोन ठिकाणी लावली. तेलाच्या झऱ्यात अजून भरपूर तेल होतं. पेट्या मात्र रिकाम्या होत्या, त्यामुळे सुरुवातीला लाकूड तोडण्यापासून सगळं करावं लागलं. मला त्याचा कंटाळा आला नाही. आई आता चांगल्या चालायला लागल्या होत्या. मी नुसती बघायची आणि मधून कधीतरी सुचवायची.

तेहतिसाव्या आठवड्यात अम्मा काठी टेकत भेटायला आली. तिने दारातून बघितलं तर मी पलंगावर आडवी आणि माझ्या सासूबाई लॅपटॉपसमोर बसून पाइप मोजतायत. ती मला कानडीत म्हणाली, ह्या काय करतायत. मी उत्तर द्यायच्या आत आईंनीच कानडीत सांगितलं की बसा, दहा मिनिटांत एवढी लाइन जोडून होतेय, मग चहा ठेवते. अम्मा दोन तास बसली. जाताना तिने आईंना अक्का म्हणून हाक मारली, जी ती बाहेरच्या कुणाला सहसा मारत नाही.

खाणीचं यंत्र तळाला पोचलं तेव्हा मला छत्तिसावा आठवडा संपत आला होता. त्या जगाच्या तळाशी एक दगड असतो जो कशानेच फुटत नाही. यंत्र तिथे आलं आणि आपोआप थांबलं. आईंनी चारही कळा बंद केल्या, इंजिनं गार होऊन निळी पडेपर्यंत थांबल्या आणि वहीत शेवटची वेळ लिहिली. त्यानंतर पाच दिवसांनी डॉक्टरांनी टाका काढला, आणि त्याच आठवड्यात मुलगी झाली. वजन थोडं कमी होतं, पण रडली जोरात. आईंनी तिला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा आधी तिच्या हातापायांची बोटं मोजली, मग माझ्याकडे बघून सगळं ठीक आहे म्हणाल्या.

त्या आणखी चार महिने राहिल्या आणि मग येलहंक्याला परत गेल्या. कुकर आमच्याकडेच ठेवून गेल्या. तिथे दुसरा आहे म्हणाल्या. जाण्याआधी त्यांनी नवऱ्याकडून त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो खेळ टाकून घेतला. दोन महिन्यांनी आम्ही बाळाला घेऊन गेलो तेव्हा त्यांनी मला त्यांचं स्वतःचं जग दाखवलं. एका नदीकाठी त्यांनी लांबच लांब शेड बांधली होती. आत एका रांगेत बारा इंजिनं, प्रत्येकासमोर एक यंत्र भार म्हणून जोडलेलं, वर पाण्याची लाइन, मागे तेलाची. हा माझा विभाग, त्या म्हणाल्या. इथे माझं टेबल होतं, इथून आवाज यायचा, इथे उन्हाळ्यात उभं राहवत नसे. त्या मला रांगेतून एकेक इंजिनापाशी नेत होत्या आणि सांगत होत्या, आणि मी विचारत होते. नवऱ्याने हे कधीच पाहिलं नव्हतं. त्याच्या लहानपणी आत मुलांना सोडत नसत. तो बाळाला खांद्यावर घेऊन आमच्या मागे उभा राहिला.

कारखान्यातल्या त्यांच्या वेळच्या दोन मैत्रिणी येलहंक्यातच राहतात. एक आराखडे काढायची, एक भांडार सांभाळायची. आईंनी त्यांनाही बोलावून हा खेळ दाखवला, आणि मग मला फोन आला की तिघींना एकाच जगात काम करता येईल का. मी एक छोटा सर्व्हर लावून दिला. त्यात चौथी मी. आता शनिवारी सकाळी दहाला आम्ही चौघी जमतो. त्या तिघी आपापल्या घरून, मी व्हाइटफील्डहून, फोन स्पीकरवर टाकून. मुलगी जागी असली की मांडीवर असते आणि लॅपटॉपच्या कडेला चावते. भांडारवाल्या मावशींना कोळशाचीच इंजिनं आवडतात आणि त्यावरून आईंचं आणि त्यांचं दर आठवड्याला वाजतं. गेल्या शनिवारी ठरलं की नदीपलीकडे दुसरी खाण सुरू करायची. जागा आखायचं काम माझ्याकडे आलंय.